बस आपली, वेळ ड्रायव्हरची

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "परदेशात बस कशी ठरवावी" असं छापलंय. माझ्या आधीचा विषय होता "आयुष्याची दुसरी इनिंग" आणि माझ्यानंतर आपल्या डॉक्टरीणबाई "चाळिशीनंतरचं हृदय" यावर बोलणार आहेत. मधे माझी बस. पण आयोजकांचं म्हणणं असं, की गेल्या मे महिन्यात आपल्यातले काही जण घरच्यांना घेऊन युरोपला जाऊन आले, त्यांचे फोटो ग्रुपवर सगळ्यांनी निमूटपणे सोसले, तर आता त्या बदल्यात काही उपयोगाची माहिती तरी मिळू दे. दुसरी तुकडी पुढच्या उन्हाळ्यात निघायचं म्हणते आहे. तेव्हा आज मी मुख्यतः त्यांच्यासाठी बोलणार आहे. शेवटी मात्र एक मागणी आहे, ती सगळ्यांसाठी आहे. म्हणून जेवणाचा वास आला तरी कृपा करून बसून राहा.

आम्ही ३१ जण होतो. १४ वर्गमित्र-मैत्रिणी, त्यांचे नवरे-बायका, मुलं, आणि दोन आया. एक ७२ वर्षांची, एक ७६ वर्षांची. केसरी असो, वीणा वर्ल्ड असो, मराठी माणसाला जग दाखवण्यात या कंपन्यांचा मोठा हात आहे, आणि त्यांच्याबरोबर गेलात तर मी आज सांगणार आहे त्यातली एकही काळजी तुम्हाला करावी लागत नाही. पण आम्हाला आपल्या चालीने जायचं होतं. दोन आयांना भराभर चालता येत नाही, एकाचं घर जैन, कांदा-लसूण चालत नाही, मुलांना सकाळी उठायचं नाही, आणि आपल्याला ३० वर्षांच्या गप्पा मारायच्या आहेत. रेल्वेने जावं तर ३१ माणसं, ३१ मोठ्या बॅगा आणि गाडी बदलायला मधे आठ मिनिटं. तेव्हा स्वतःची बस ठरवायची, हे नक्की झालं. नोकरीच्या निमित्ताने मी अडीच वर्षं म्युनिकला होते, कामापुरतं जर्मन येतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आमचा मार्ग असा होता : म्युनिक, साल्झबर्ग, तिथून हालश्टाट, मग स्लोव्हेनियातलं ब्लेड आणि ल्युब्लियाना, पोस्टोयनाची गुहा, व्हेनिस, इन्सब्रुक आणि परत म्युनिक. नऊ दिवस. सगळं मिळून सुमारे दीड हजार किलोमीटर. नाशिकच्या हिशोबात सांगायचं तर नाशिकहून नागपूरला जाऊन यायचं आणि थोडंसं इकडेतिकडे.

आता पहिली गोष्ट, बसचा आकार. ड्रायव्हर सोडून आठ माणसांपर्यंतची गाडी तिथे साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते. त्याच्या वर गेलं की बसचं लायसन्स लागतं. सोळा-एकोणीस सीटची मिनीबस मिळते, तीस-पस्तिसाची मधली मिळते आणि पन्नासच्या आसपासची मोठी मिळते. आम्ही ३१, म्हणजे मधली बस पुरायला हवी. पण सीट मोजताना बॅगा मोजायच्या राहू देऊ नका. मोठ्या बसच्या पोटात सामानाची भरपूर जागा असते, लहान बसला ती बेताचीच असते. आणि आपल्या बॅगेत चिवडा, भाकरवडी, मेतकूट, गूळपोळ्या आणि एक इलेक्ट्रिक कुकर असतोच. आम्ही मोठी बस घेतली. फरक माणशी फार पडला नाही, आणि मागच्या रिकाम्या सीटवर आयांना आडवं होता आलं.

दुसरी गोष्ट, कोटेशन. तीन कंपन्यांकडून मागवा आणि एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. तुलना नुसत्या आकड्याची करू नका. पुढच्या गोष्टी आकड्यात धरल्यात की नाहीत ते प्रत्येकाला लेखी विचारा. टोल आणि महामार्गाची फी. पार्किंग. शहरात बस आणण्याची फी. ड्रायव्हरच्या राहण्याची खोली आणि जेवण. त्या त्या देशाचा कर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिकामी धाव. म्हणजे बस तिच्या गॅरेजपासून तुमच्यापर्यंत आणि शेवटच्या दिवशी तुमच्यापासून गॅरेजपर्यंत रिकामी येते-जाते त्याचे पैसे. आम्हाला प्रागच्या एका कंपनीचं कोटेशन दिसायला स्वस्त आलं होतं. पण प्राग ते म्युनिक सुमारे ३८० किलोमीटर. तेवढं रिकामं यायचं, तेवढंच रिकामं जायचं, आणि ड्रायव्हरचे दोन दिवस वाढायचे. सगळं धरल्यावर म्युनिकपासून ६० किलोमीटरवरच्या एका गावातली घरगुती कंपनी परवडली. सहल जिथे सुरू होते आणि जिथे संपते त्याच्या जवळची बस घ्या, आणि शक्यतो दोन्ही ठिकाणं एकच ठेवा.

तिसरी गोष्ट, गूगल मॅपवरची वेळ. ती कारची असते. बसला युरोपात ताशी १०० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. इंजिनालाच लगाम लावलेला असतो. मॅपने तीन तास सांगितले तर पावणेचार धरा, आणि ३१ माणसांच्या बाथरूमच्या थांब्याला अर्धा तास वेगळा धरा. जर्मनीत हायवेवरच्या पुष्कळ स्वच्छतागृहांत माणशी एक युरो पडतो, तेव्हा सुटी नाणी घेऊन ठेवा. बसमध्ये टॉयलेट असलं तरी ड्रायव्हर ते सहसा उघडत नाहीत. आणि बस चालू असताना पट्टा लावून बसायचं, हा तिथे कायदा आहे. आमच्या एका आईंनी पहिल्या दिवशी सवयीने उठून मागच्या सीटपर्यंत चिवडा वाटायला सुरुवात केली. ड्रायव्हरने पुढचा थांबा आल्यावर बस थांबवली, मागे आला, हात जोडून म्हणाला, "मामा, प्लीज." त्या दिवसापासून चिवडा फक्त थांब्यावर. आणि पहिली वाटी त्याला.

चौथी गोष्ट, गावांच्या वेळा. पूर्वी बस गावात जाऊन उभी करता यायची. आता गर्दीच्या गावांनी बसवर बंधनं घातली आहेत. हालश्टाटला आणि साल्झबर्गला पर्यटक-बसने आधी ऑनलाइन वेळ आरक्षित करावी लागते. व्हेनिसला बस शहराच्या कडेला त्रोंकेत्तोपर्यंत जाते, त्यासाठी पालिकेला फी भरावी लागते, आणि पुढे बोट. व्हेनिसमध्ये २०२४ पासून गाइडबरोबरच्या गटात २५ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, म्हणून आम्ही दोन गट केले, दोन गाइड घेतले. दिवसापुरतं येणाऱ्यांना ठराविक दिवशी प्रवेशशुल्कही लागतं. आम्ही मेस्त्रेला राहिलो होतो. मेस्त्रे हे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथे मुक्काम असणाऱ्याला ते शुल्क माफ आहे, पण त्याची नोंद आधी करावी लागते.

इथपर्यंतचं सगळं कोणीही सांगेल. आता पाचवी गोष्ट. तिच्यासाठीच मी हे भाषण करायला होकार दिला.

बस ठरवताना आपल्याला वाटतं आपण बस भाड्याने घेतोय. दिवसाचं भाडं दिलं, म्हणजे दिवस आपला. युरोपात तसं नसतं. तिथे तुम्ही एका माणसाचे मोजलेले तास विकत घेता. २००६ सालचा त्यांचा एक नियम आहे, क्रमांक ५६१. तो असा : ड्रायव्हरने दिवसात नऊ तासच गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा दहा चालतील. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यायचीच. आठवड्यात ५६ तासांपेक्षा जास्त नाही, दोन आठवडे मिळून ९० पेक्षा जास्त नाही. आणि रोज सलग ११ तास त्याने गाडीपासून मोकळं राहायचं. ते ११ चे नऊ करता येतात, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मधे फक्त तीनदा.

साप्ताहिक सुट्टी सहा दिवसांनी द्यावी लागते. सहलीच्या बससाठी मात्र काही अटींवर ती बारा दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. त्या बारा दिवसांत रिकाम्या धावेचे दिवसही मोजले जातात. प्रागची बस घेतली असती तर आमच्या नऊ दिवसांचे त्याचे अकरा झाले असते. बसलं असतं, पण जेमतेम.

मी हे सगळं आधी स्प्रेडशीटमध्ये मांडलं होतं. माझा धंदाच तो आहे. आणि मांडल्यावर एक गंमत लक्षात आली. नऊ दिवसांत बस प्रत्यक्ष चालणार होती जेमतेम २५ तास. म्हणजे चालवण्याच्या तासांची मर्यादा आम्हाला कधी आडवी येणारच नव्हती. आडवी येणार होती दिवसाची लांबी. चोवीस तासांतले ११ विश्रांतीचे, म्हणजे उरले १३. सकाळी साडेसातला ड्रायव्हरने काम सुरू केलं, तर रात्री साडेआठला बस उभी राहिलीच पाहिजे. आपण गुहा बघत असताना तो बाहेर नुसता बसलेला असतो, तो वेळही या तेरा तासांत जातो. आपल्याला वाटतं, दिवसभर तो आरामच करत होता. घड्याळाला तसं वाटत नाही.

आणि हे घड्याळ खरंच असतं. त्याला टॅकोग्राफ म्हणतात. २००६ पासून तिथल्या नव्या बसमध्ये ते डिजिटल असतं. ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड असतं, आपल्या एटीएम कार्डासारखं. ते यंत्रात घातल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कधी चालवलं, कधी थांबला, कधी झोपायला गेला, सगळं त्यावर उतरतं. पोलीस रस्त्यात थांबवून गेल्या ५६ दिवसांची नोंद बघू शकतात. दंड कंपनीला होतो, तसा ड्रायव्हरलाही होतो.

आता सहाव्या दिवसाबद्दल सांगते. त्या दिवशी ब्लेडहून निघून ल्युब्लियाना, पोस्टोयनाची गुहा आणि रात्री मेस्त्रे असा कार्यक्रम होता. सकाळी साडेसातला निघालो. आधीच्या दिवसांत तीनही सवलती वापरून झाल्या होत्या : पहिल्या दिवशी विमान उशिरा आलं, तिसऱ्या दिवशी साल्झबर्गच्या मैफलीमुळे उशीर झाला, चौथ्या दिवशी आल्प्समधल्या बोगद्याच्या तोंडाशी रांग लागली. म्हणजे सहाव्या दिवशी साडेआठ म्हणजे साडेआठ. आणि ल्युब्लियानाच्या बाजारात आपले चार जण हरवले. फोनला रेंज होती, पण आपण कुठे आहोत हे चौघांनाही सांगता येईना. एक तास दहा मिनिटं गेली. मेस्त्रेच्या हॉटेलसमोर बस लागली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि आमचं जेवण ठरलेलं होतं पादुआतल्या एका भारतीय हॉटेलात, चाळीस किलोमीटर पुढे. सहा दिवस ब्रेड आणि चीज खाऊन झाल्यावर छोले, पुऱ्या, भात. बसमध्ये सकाळपासून त्याचीच चर्चा होती.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मला सांगितलं, की आज इथून पुढे नाही.

मग जे झालं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. पुढच्या सीटवरून आवाज आला, "आपण पूर्ण दिवसाचे पैसे मोजलेत." दुसरा म्हणाला, "उद्या दोन तास उशिरा निघू, मग तर झालं?" मी समजावून सांगितलं, की त्याने भागत नाही. काम सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत अकरा तास पुरे व्हावे लागतात, म्हणून उद्या कितीही उशिरा निघालो तरी आज थांबायची वेळ तीच. २०२४ पासून सहलीच्या बसला एखाद्या दिवशी तासभर वाढवून मिळतो. तोही धरला तर साडेनऊ. पादुआला जाऊन, जेवून परत यायला अकरा वाजले असते. मग आपल्यातल्या एकाने ५० युरोची नोट काढली. कोणी, ते विचारू नका. तो इथेच बसलाय, आणि त्या रात्रीच्या जेवणाचा खर्च नंतर त्यानेच उचलला.

ड्रायव्हरने नोट घडी करून परत त्याच्या खिशात ठेवली. रागावला नाही. यंत्राचं एक बटण दाबलं, एसटीच्या तिकिटासारखी एक कागदाची पट्टी बाहेर आली, ती मला दिली. मग जर्मनमध्ये म्हणाला, "यांना विचार, परवा मी ब्रेनरचा घाट चढणार आहे. तेव्हा त्यांना झोप झालेला ड्रायव्हर पाहिजे का न झालेला?" मी त्याचं मराठी केलं. बसमध्ये शांतता झाली. मागून ७६ वर्षांच्या आई म्हणाल्या, "झालेला. उतरा सगळे."

मेस्त्रे स्टेशनच्या आसपास बांगलादेशी लोकांची बरीच वस्ती आहे. हॉटेलपासून चारशे मीटरवर त्यांची एक खाणावळ निघाली. डाळ, भात, बटाट्याची भाजी, आणि जैन मित्रासाठी बिनकांद्याची वेगळी कढई. त्या माणसाने ३१ जणांना पाऊण तासात जेवू घातलं. पादुआच्या छोल्यांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

पण त्या जेवणात एक माणूस फार बोलत नव्हता. आपला नाशिकरोडचा मित्र, ज्याच्या स्वतःच्या दोन टुरिस्ट बस आहेत. त्याने परवानगी दिली आहे, म्हणून सांगते. जेवण झाल्यावर तो ती कागदाची पट्टी माझ्याकडून मागून घेऊन बघत बसला. मग म्हणाला, "माझी गाडी सकाळी सहाला शिर्डीला जाते, तिथून शनिशिंगणापूर, रात्री दहाला परत. पार्टी सोडून, गाडी धुऊन ड्रायव्हरला बारा वाजतात. पहाटे तीनला तोच मुंबई विमानतळाची पार्टी घेऊन कसारा घाट उतरतो. गेली अकरा वर्षं गाडीचं डिझेल, टायर, इन्शुरन्स, सगळं मी रोज लिहून ठेवतो. तो कधी झोपला, हे कधी लिहिलं नाही. मला विचारायचंही सुचलं नाही."

आपल्यापैकी कुणाला सुचलं असतं? आपण सगळे अशाच बसने लग्नाला, अष्टविनायकाला, पंढरपूरला गेलेलो आहोत. तिथे आपली एक जुनी रीत आहे. रात्री घरातला एक जाणता माणूस पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. त्याच्याशी बोलत राहतो, दर दोन तासांनी त्याला चहा पाजतो, मधेच तंबाखू पुढे करतो. आपल्या शाळेची सहल वेरूळ-दौलताबादला गेली होती, तेव्हा परतीच्या रात्री आपले पीटीचे सर असेच पुढे बसले होते. आपण मागे भेंड्या खेळून झोपून गेलो. ते पहाटेपर्यंत जागे होते. आपल्याला सुखरूप घरी आणण्यासाठी त्यांनी त्या काळी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. सर, त्याबद्दल आज पहिल्यांदा तुमचे आभार मानते.

पण त्या रीतीमागचा विचार बघा. ड्रायव्हरला झोप येणार, हे आपण धरूनच चालतो. आणि त्यावर आपला उपाय असा, की त्याला जागं ठेवायचं. त्या लोकांचा उपाय असा, की त्याला झोपू द्यायचं. मी नऊ दिवसांत युरोपात पुष्कळ बघितलं, बर्फ बघितला, चर्चं बघितली. शिकले मात्र एवढं एकच.

आणि हे फक्त त्यांच्याकडेच आहे असं समजू नका. आपला मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, त्यांच्या नियमाच्या ४५ वर्षं आधीचा, आणि तो २०२५ पर्यंत लागू होता. त्यात ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास लिहिले होते. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. रात्रीची सलग नऊ तासांची विश्रांतीही लिहिली होती. म्हणजे लिहायचं काही राहिलेलं नव्हतं. राहिलं आहे ते मोजायचं. आपल्या नव्या बसना आता जीपीएस असतं. बस कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, हे मालकाला मोबाइलवर दिसतं. ती कोण चालवतोय आणि तो कधीपासून जागा आहे, हे त्यात दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर आपण गाडीची नोंद ठेवतो, माणसाची ठेवत नाही.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आपल्या औरंगाबाद रोडवर धडकून पेटली, १२ माणसं गेली. आपल्यातले दोघे तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलला मदतीला धावले होते. त्या अपघाताची कारणं ठरवणं माझं काम नाही, आणि मी ती ठरवतही नाही. पण रात्रभर धावून पहाटे पाचला गावात शिरणारी बस दिसली, की मला आता पहिला प्रश्न तोच पडतो. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि समृद्धी महामार्ग सलग ७०१ किलोमीटर झाला. रस्ता सरळ, गुळगुळीत, न थांबता जाता येईल असा. अशा रस्त्यावर ड्रायव्हरची झोप ही जास्तच महत्त्वाची होते. आणि २०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. देशभरातून बस नाशकात येतील. यात्रेकरूंची सोय करायला पुष्कळ हात पुढे येतील. तुमच्यात हॉटेलवाले आहेत, मंगल कार्यालयवाले आहेत, एक-दोघे पालिकेत आहेत. बसबरोबर आलेल्या माणसाला पाठ टेकायला एक हॉल, एक पंखा आणि आंघोळीला पाणी, एवढं करता आलं तर बघा.

नाशिकरोडच्या मित्राने जूनपासून स्वतःपुरता नियम केला आहे. रात्री उशिरा परतलेला ड्रायव्हर नऊ तास गाडीला हात लावत नाही. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर. त्याची काही गिऱ्हाइकं गेली, कारण शेजारचा स्वस्तात नेतो. काही नवी आली, कारण तो कोटेशनवर हे छापतो. नफ्या-तोट्याचा हिशोब त्याने मला सांगितलेला नाही. डायरीत मात्र आता डिझेलच्या रकान्याशेजारी झोपेचा रकाना आहे. मी स्वतः पाहिला आहे.

दुसऱ्या तुकडीला माझं सांगणं एवढंच. बस ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. "ड्रायव्हर आदल्या दिवशी कुठे असेल आणि कधी मोकळा होईल?" हा विचारा. रोजचा कार्यक्रम तेरा तासांचा न आखता अकरा तासांचा आखा. दोन तास हरवणाऱ्यांसाठी ठेवा. हरवणारे कोण, हे त्या चौघांना बरोबर नेलंत तर कळेलच. ड्रायव्हरला खोली स्वतंत्र आणि शांत बाजूची द्या, मुलांच्या मजल्यावर नको. आणि त्याच्याशी गप्पा जरूर मारा, पण त्याच्या पाऊण तासाच्या विश्रांतीत नको.

आणि आता ती मागणी, जिच्यासाठी मी सगळ्यांना बसवून ठेवलं.

आपली शाळा अजूनही दर डिसेंबरात सहल काढते. प्रासंगिक करारावर एसटीची बस घेते. सवलत मिळते, आणि एसटीचा ड्रायव्हर अनुभवी असतो. मी शाळेत विचारलं. मुक्कामाच्या सहलीत मुलं धर्मशाळेत झोपतात, शिक्षक शेजारच्या खोलीत झोपतात. ड्रायव्हर बसमध्ये सीटवर झोपतो. आपल्या वेळीही तो तिथेच झोपायचा. आपल्या बॅचने गोळा केलेल्या निधीतून शाळेला वॉटर कूलर द्यायचा की डिजिटल फळा, यावर ग्रुपवर तीन महिने वाद चालला आहे. दोन्ही द्या. पण त्यातून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवा, आणि शाळेला अशी विनंती करा, की सहलीच्या अंदाजपत्रकात एक ओळ कायमची वाढवा : ड्रायव्हरची खोली. दुसरी विनंती, मुलांची बस रात्री दहानंतर रस्त्यावर नको. एक मुक्काम वाढला तर त्याचे पैसे आपण देऊ. आणि तिसरी, सहलीच्या पत्रकावर सुटण्याची वेळ छापतो तशी ड्रायव्हरच्या विश्रांतीची वेळही छापा, म्हणजे पालक ती वाचतील आणि उशीर झाला तर शिक्षकांना गोंधळ न घालता थांबता येईल.

हिशोब मी केला आहे. एका सहलीचा हा जादा खर्च आपल्या आजच्या जेवणातल्या एका गोड पदार्थापेक्षा कमी आहे. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिलं नाव नाशिकरोडच्या मित्राचं आहे, दुसरं त्या ५० युरोवाल्याचं. मुख्याध्यापिकाबाई समोर बसल्या आहेत, त्यांनी मान हलवलेली मी इथून पाहिली आहे. तेव्हा डॉक्टरीणबाई हृदयावर बोलायला उभ्या राहण्याआधी ती वही रांगेतून फिरवायला हरकत नाही.